कारंज्याच्या तोट्या मोजून झाल्यावर

हेग आणि डेल्फ्ट या दोन शहरांच्या मध्ये रायस्वाइक नावाचं गाव आहे. आता ते वस्तीनं हेगला चिकटलंय, त्यामुळे हद्द कुठे संपते ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. मी इथेच राहते. गावाला लागून एक छोटं जंगल आहे आणि त्यात एक दगडी स्तंभ उभा आहे. लोक त्याला ‘दे नाल्ड’ म्हणजे ‘सुई’ म्हणतात. हा स्तंभ १७९२ ते १७९४ या काळात उभारला गेला, कारण त्या जागी असलेला वाडा तेव्हा नुकताच पाडला होता. वाड्याचं नाव हाउस तर न्यूबर्ख. स्टाटहाउडर, म्हणजे डच प्रजासत्ताकाचा कारभारी, फ्रेडरिक हेंड्रिक यानं तो १६३० नंतरच्या दशकात बांधून घेतला. मध्ये मुख्य इमारत, दोन्ही बाजूंना सज्जे आणि टोकांना दोन जुळ्या इमारती, पुढे-मागे आखीव बाग आणि बागेत चौकोनी तळी, अशी त्याची रचना जुन्या कोरीव चित्रांत दिसते. वाडा गेला. तळ्यांचं पाणी मात्र झाडांमध्ये अजून दिसतं.

इतिहासाच्या पुस्तकात हा वाडा येतो तो १६९७ च्या तहामुळे. फ्रान्सचा चौदावा लुई एका बाजूला आणि इंग्लंड, स्पेन, डच प्रजासत्ताक, जर्मन सम्राट दुसऱ्या बाजूला, असं नऊ वर्षं चाललेलं युद्ध इथे मिटलं. तहासाठी हाच वाडा निवडला याचं एक कारण फार व्यवहारी होतं. आधी आत कोण जाणार, यावरून त्या काळचे वकील महिनोन्‌महिने भांडू शकत. इथे वाडा मधोमध दुमडला तर दोन्ही बाजू एकमेकींवर बसतील असा होता. फ्रेंच एका बाजूनं आले, दोस्त राष्ट्रं दुसऱ्या बाजूनं, आणि मध्यस्थ स्वीडनचा वकील मधून. कुणाचाच मान कमी झाला नाही.

म्हणजे हा वाडा लक्षात राहिला तो त्याच्या खांबांमुळे नाही, दारांमुळे. कुणी कुठून यायचं आणि कुणी कुठवर यायचं, हा नियम तिथे दगडाविटांत बांधलेला होता.

याच तहात एक कलम आपल्या ओळखीचं आहे. १६९३ मध्ये डचांनी फ्रेंचांकडून पुद्दुचेरी घेतलं होतं, आणि त्याबाबत जिंजीच्या मराठा दरबाराशीही व्यवहार केला होता. तेव्हा छत्रपती राजाराम जिंजीत होते आणि मोगलांचा वेढा चालू होता. रायस्वाइकच्या तहात ते पुद्दुचेरी फ्रेंचांना परत द्यायचं ठरलं. ज्यांची ती जमीन आणि ज्यांचा तो किनारा, त्यांच्यासाठी या सममित वाड्याला दार नव्हतं. दगडात बांधलेला नियम दिसतो. दगडात न बांधलेला नियम मात्र कुणी सांगितला तरच कळतो. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मला जुन्या वाड्यांच्या पाण्याबद्दल मांडायचा आहे.

पाणी उडवून दाखवणं

कारंजं ही वस्तू मुळात दाखवण्यासाठी असते. तहानलेल्या माणसाला तोटी पुरते. पाणी वर उडवायचं तर ते आधी उंचावर साठलेलं हवं, म्हणजे उंचावरची जमीन आपल्या ताब्यात हवी, आणि तिथून खाली येणारी वाटही. त्यामुळे कारंजं बघणाऱ्याला न बोलता सांगतं की या घराची सत्ता तुला दिसतेय त्यापेक्षा लांबवर पोचलेली आहे.

सतराव्या शतकात युरोपातले राजे या भाषेत एकमेकांशी बोलत होते. व्हर्सायला लुईनं शेकडो कारंजी बांधली, पण पाणी पुरेना. सेन नदीचं पाणी दीडशे मीटरहून अधिक उंच चढवायला मार्लीला चौदा प्रचंड चाकांचं यंत्र बसवलं, ते १६८४ मध्ये सुरू झालं. तरी सगळी कारंजी सतत चालवणं जमलं नाही. राजा बागेतून फिरायला लागला की कामगार शिट्ट्या वाजवत आणि पुढचं कारंजं सुरू करून मागचं बंद करत. त्याच सुमारास विल्यम तिसरा (हाच रायस्वाइकच्या वाड्याचा तेव्हाचा मालक, आणि याच तहात लुईनं त्याला इंग्लंडचा राजा म्हणून मान्यता दिली) आपेलदोर्नजवळ हेट लो राजवाडा उभारत होता. नेदरलँड्स सपाट, इथे पाण्याला उंची देणारी जमीन मिळणं कठीण. पण आपेलदोर्नजवळ जमीन चढती आहे आणि तिथे खणून काढलेल्या झऱ्यांचं पाणी आपोआप खाली येतं. त्या दाबावर हेट लोचं मुख्य कारंजं तेरा मीटर उडायचं, आणि दिवसरात्र उडायचं. लुईला जे पैशानं जमलं नाही ते विल्यमला उतारानं जमलं, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि आजही तिथे तेच सांगतात.

ही गोष्ट मी पण रंगवून सांगते, कारण ती मजेची आहे. पण बघा, ती दोन राजांची गोष्ट आहे. पाणी किती उंच उडालं हे कळतं. ते खाली पडल्यावर कुणाकडे गेलं हे कळत नाही.

स्पेनमधल्या गावांत

याच्या उलट टोकाचं उदाहरण स्पेनच्या ग्रामीण भागात मिळतं. आंदालुसियात प्रिएगो दे कोर्दोबा नावाचं गाव आहे. अठराव्या शतकात रेशमाच्या धंद्यावर गब्बर झालेलं, श्रीमंत घरांच्या दगडी दर्शनी भिंती मिरवणारं. तिथलं ‘फ्वेंते देल रेय’, म्हणजे राजाचा झरा, रेमिहिओ देल मार्मोल या शिल्पकारानं १८०३ मध्ये पूर्ण केला. तीन तळी एकाखाली एक, मध्ये समुद्रदेव नेपच्यून आणि त्याची राणी, आणि कडेनं १३९ तोट्या, त्यांतल्या बऱ्याच माणसांच्या किंवा जनावरांच्या चेहऱ्यांतून पाणी ओतणाऱ्या. पर्यटकांना १३९ हा आकडा पाठ असतो.

पण स्पेनमधल्या साध्या गावांचे झरे यापेक्षा जास्त शिकवतात. तिथे ठिकठिकाणी एक मांडणी सापडते. डोंगरातून आलेलं पाणी आधी तोटीतून पडतं, तिथे माणसं घागरी भरतात. तिथून ते लांबट दगडी कुंडात जातं, तिथे गुरं पाणी पितात. त्यापुढे उतरत्या दगडांनी बांधलेलं धुणीघर, तिथे बायका कपडे धूत. आणि उरलेलं पाणी पाटानं भाजीच्या मळ्यांत. माणूस, जनावर, धुणं, शेत. हा क्रम कुठल्या कागदावर वाचावा लागत नाही, उतारावरून चालत गेलं की कळतो. कुणाच्या नंतर कुणाचा नंबर, हे दगडातच आहे.

हे फार समतेचं चित्र आहे असा गैरसमज नको. बड्या घरांना आणि मठांना सार्वजनिक पाण्यातून खासगी फाटे मिळत. त्याचं एक माप होतं ‘पाखा दे आग्वा’, म्हणजे गवताच्या काडीएवढ्या भोकातून येईल इतकं पाणी. काडीएवढं म्हटलं तरी ते दिवसरात्र वाहणारं, आणि घराच्या अंगणात येणारं. घराची प्रतिष्ठा त्या काडीत मोजता येई. शिवाय ही पाणीव्यवस्था ज्या लोकांनी घडवली त्यांचं काय झालं? स्पॅनिशमध्ये पाटाला ‘आसेकिया’ म्हणतात, रहाटाला ‘नोरिया’, पाण्याच्या टाक्याला ‘अल्हीबे’. तिन्ही शब्द अरबी. हे शब्द वापरणाऱ्यांचे वंशज, म्हणजे बाटवलेले मोरिस्को, १६०९ ते १६१४ दरम्यान देशाबाहेर काढले गेले. शब्द राहिले, माणसं गेली. झऱ्यावरच्या कोरीव चिन्हांत ज्यांनी पैसा दिला त्यांची घराणी दिसतात.

तरीही एक गोष्ट खरी की तिथे निदान वापराचा क्रम बघणाऱ्याला दिसतो. आता पुण्याला येऊ.

पुण्याचा नळ

नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला दोन बांध घालून पाणी अडवलं आणि तिथून शहरात आणलं. कात्रज ते शनिवारवाडा हे अंतर आठ-नऊ किलोमीटरचं. पाणी जमिनीखालच्या बांधीव बोगद्यातून, निव्वळ उतारानं यायचं. बोगदा बऱ्याच ठिकाणी माणूस आत उतरून चालू शकेल एवढा. वाटेत दगडी उच्छ्वास, म्हणजे हवा बाहेर पडायला आणि आत उतरून साफसफाई करायला ठेवलेल्या जागा. शेवटी शहरभर हौद. पुणेकर आजही पत्ता सांगताना हौदच सांगतात: फडके हौद, साततोटी, पंचहौद, काळा हौद. पाणी गेलं, पत्ता उरला.

ही खरंच उत्तम पाणीव्यवस्था होती, आणि यात मला कसलीही काटछाट करायची नाही. पंप नाही, इंधन नाही, फक्त उताराचं गणित. ते चुकलं असतं तर कुठे पाणी तुंबलं असतं, कुठे भिंत फुटली असती. ते दीर्घकाळ चाललं, म्हणजे कुणीतरी दरवर्षी आत उतरून गाळ काढत होतं.

याच पाण्यावर शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं उडायचं. कमळाच्या आकाराचं, सोळा पाकळ्यांचं. सवाई माधवरावांच्या बालपणाशी त्याचं नाव जोडलेलं आहे. नावाला हजारी, प्रत्यक्षात तोट्या हजार नाहीत, पण नाव पाडणाऱ्यांना मोजायचं नव्हतंच. हेट लोच्या तेरा मीटरसारखाच हा आकडा सत्तेचा आहे. वाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला, १८२८ च्या आगीत आतल्या लाकडी इमारती गेल्या, आणि तट, दरवाजे, जोती राहिली. कारंजं आज कोरडं आहे.

या कारंज्याबद्दल आणि कात्रजच्या नळाबद्दल आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं, त्याचा एक ठरलेला साचा आहे. सुरुवातीला ‘त्या काळी वीज नव्हती, यंत्रं नव्हती’. मग लांबी, उंची, तोट्यांची संख्या. मग ‘आजच्या इंजिनिअरनाही लाजवेल असं’. शेवटी आजच्या टँकरवाल्या पुण्याबद्दल एक टोमणा आणि ‘हा वारसा जपायला हवा’. हेरिटेज वॉक असो, दिवाळी अंकातला लेख असो की मोबाइलवरचा दीड मिनिटाचा व्हिडिओ असो, साचा बदलत नाही. यातलं एकेक वाक्य तपासलं तर बहुतेक खरं निघेल. माझा आक्षेप एका क्रियापदाला आहे. ‘पेशव्यांनी पुण्याला पाणी दिलं.’

पुण्याला म्हणजे कुणाला?

न दिसणारा नियम

हौदाकडे नुसतं बघून हे कळत नाही. हौद सगळ्या बाजूंनी उघडा असतो, कठडा कुणालाही गाठता येईल असा असतो. स्पेनमधल्या गावात क्रम दगडात आहे, इथे तो माणसांच्या डोक्यात होता. ज्यांना अस्पृश्य मानलं गेलं त्यांनी हौदाला हात लावायचा नाही. कुणीतरी वरून ओतलं तर भांड्यात घ्यायचं. नाही ओतलं तर थांबायचं, किंवा नदी, ओढा, डबकं शोधायचं. या नियमासाठी भिंत बांधावी लागली नाही, दार ठेवावं लागलं नाही. म्हणूनच दीडशे-दोनशे वर्षांनी तो हौद छायाचित्रात सुंदर दिसतो आणि सगळ्यांचा वाटतो.

नियम किती घट्ट होता, ते तो मोडणाऱ्यांवरून कळतं. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. शहरभर हौद असताना एका माणसानं आपल्या घरातला हौद उघडणं ही इतिहासात नोंदवण्यासारखी गोष्ट ठरली, यावरून बाकीच्या हौदांचं काय ते समजावं.

पुण्याच्या वाड्यांबद्दल त्याच शहरातून लिहिला गेलेला आणखी एक मजकूर आहे, तो वाड्यांवरच्या लेखांत सहसा येत नाही. मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग मुलगी. तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. इमारतींच्या पायात आपल्या लोकांना तेल-शेंदूर पाजून पुरत, असं तिनं त्यात लिहिलं. तालीमखान्यासमोरून आपली माणसं गेली तर त्यांचं काय होई, तेही लिहिलं. वाड्याच्या जोत्याकडे बघताना आपण दगडाचा ताशीवपणा बघतो. मुक्ता त्याच जोत्याकडे खालून बघत होती. वाड्यांवर लिहिणाऱ्याच्या टेबलावर हा निबंध बखरींच्या शेजारी असायला हवा.

पुढचा क्रम आपल्याला शाळेपासून माहीत आहे, पण तो पाण्याचा इतिहास म्हणून वाचून बघा. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला की सार्वजनिक पैशानं बांधलेली तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. तळी तिथेच, ठराव झालेला, तरी हात लावता येईना. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले. तिथे पाणी प्यायल्यावर मारहाण झाली, आणि नंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं गेलं. तळं खासगी की सार्वजनिक हा खटला १९३७ मध्ये उच्च न्यायालयात निकाली निघाला. म्हणजे एका तळ्याच्या काठावरचा न लिहिलेला नियम काढायला ठराव, सत्याग्रह आणि दहा वर्षांची कोर्टबाजी लागली. दगड कुठेच हलला नाही.

वारशाची वाटणी

आपण मात्र या सगळ्याची एक सोयीस्कर वाटणी करून टाकली आहे. शनिवारवाडा आणि कात्रज इथे अभियांत्रिकीचा इतिहास. फुले वाडा आणि महाड इथे जातीचा इतिहास. पहिल्या ठिकाणी जायचं ते अभिमान वाटून घ्यायला, दुसऱ्या ठिकाणी अभिवादन करायला. दोन्हीकडे जाणारे लोक वेगळे, लिहिणारे वेगळे, तारखाही वेगळ्या.

पण पाणी एकच होतं. फुल्यांचा हौद हे जर कात्रजच्या हौदांच्या जगाला दिलेलं उत्तर असेल, तर प्रश्न सांगितल्याशिवाय उत्तर कसं कळणार? गंज पेठेतला हौद नुसता दगड म्हणून बघितला तर त्यात काही विशेष नाही. त्याला सोळा पाकळ्या नाहीत. तिथे वारसा आहे तो नियम मोडण्याचा. मग शनिवारवाड्यातल्या कारंज्याचा वारसा सांगताना नियम पाळण्याचा भाग का गळतो? फुले वाड्यात जात सांगायची आणि पेशव्यांच्या हौदावर फक्त घनफूट सांगायचे, हा हिशेब एकतर्फी आहे. यात जात ही जणू फुल्यांनीच आणलेली गोष्ट होऊन बसते.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत, आणि ते फुटकळ नाहीत. पहिला असा की अठराव्या शतकाला एकविसाव्या शतकाचा न्याय लावू नये. मान्य. पण मी पेशव्यांना शिक्षा सुनवत नाही, आजच्या पाटीची तपासणी करतेय. पाटी एकविसाव्या शतकातच लिहिली जाते. शिवाय मुक्ता साळवेनं १८५५ मध्ये आणि जोतीरावांनी १८६८ मध्ये लावलेला न्याय एकविसाव्या शतकाचा नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सार्वजनिक हौद ही त्या काळी मोठी गोष्ट होती, त्यातून वाड्याबाहेरच्या हजारो लोकांना फुकट पाणी मिळालं, ते काय कमी आहे? अजिबात नाही. मार्लीच्या यंत्राचं पाणी राजाच्या बागेत गेलं, कात्रजचं पाणी पेठांत गेलं, हा फरक मोठा आहे आणि तो अभिमानानं सांगावा. पण ज्या दिवशी आपण हौदाला ‘सार्वजनिक’ म्हणतो, त्या दिवशी त्यातून वगळलेल्यांची गोष्ट सांगणं अधिक गरजेचं होतं. खासगी विहिरीतून वगळणं आणि सार्वजनिक हौदातून वगळणं यांत फरक आहे. दुसऱ्यात माणसाला जनतेतूनच वगळलं जातं.

तिसरा आक्षेप मला इथे नेदरलँड्समध्ये ऐकू येतो: तुमच्याकडे जात होती, आमच्याकडे पाणी सगळ्यांचं. रायस्वाइकचं पाणी बघणारं डेल्फलंडचं जलमंडळ १२८९ पासून आहे, आणि त्याची निवडणूक होते, हे खरं. पण त्याच मंडळांत जमीनमालक, उद्योग वगैरेंसाठी सात ते नऊ जागा मतदानाशिवाय राखीव होत्या. कायदा बदलल्यावर २०२३ च्या निवडणुकीपासून त्या चारवर आल्या: दोन शेतजमिनीच्या बाजूनं, दोन निसर्गाच्या. ज्याची जमीन त्याचा पाण्यावर शब्द, हा मध्ययुगीन नियम इथे आत्ताआत्तापर्यंत होता आणि थोडा अजून आहे. फरक एवढा की तो नियम लिहिलेला होता, म्हणून त्यावर संसदेत भांडता आलं. न लिहिलेल्या नियमाशी भांडायला आधी तो आहे हेच सिद्ध करावं लागतं. महाडला ते करावं लागलं.

लिंबची विहीर, वाचायची कशी

टीका करून थांबणं सोपं आहे, म्हणून एक उदाहरण घेते जिथे पाण्याची वास्तू नीट वाचता येते. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटेची विहीर आहे. छत्रपती शाहूंच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधली, काम १७१९ ते १७२४ असं चाललं. नाव बारा मोटांचं असलं तरी जागा पंधरा मोटांच्या आहेत. वरून बघितली तर अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेली दुसरी लांबट बाजू, आणि या दोन्हींच्या मध्ये, चक्क विहिरीच्या पोटात, एक छोटा महाल. खांब, नक्षी, दगडात कोरलेले वाघ-सिंह आणि हत्ती. बाहेर ऊन भाजत असताना आत गारवा. ग्रामीण महाराष्ट्रात वाडा आणि पाणी एकाच बांधकामात एवढं जवळ आलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

बहुतेक लोक महालाचे फोटो काढतात. पण जरा वर, काठावर उभं राहिलं की दुसरी वास्तू दिसते. मोट ओढणारे बैल उतारावरून ज्या वाटेनं खाली जात ती धाव, मोट जिथे रिकामी व्हायची ते थारोळं, तिथून निघालेला पाट, आणि पाटाच्या टोकाला तेव्हाची आमराई. पंधरा मोटा म्हणजे पंधरा नाडे, तेवढ्या बैलजोड्या आणि मोट हाकणारी तेवढी माणसं, पहाटेपासून. महालातल्या गारव्याला डोक्यावरच्या धावेवरच्या घामाचा आवाज ऐकू येत असणार. इथला दगड निदान श्रमाची बाजू सांगतो. जो जाईल त्याला दाखवता येते. पण काठावर कुणाला येता येई आणि कुणाला नाही, ते इथेही दगड सांगत नाही. ते सांगणाऱ्यानंच सांगायचं.

म्हणून वाड्याबद्दलचा कुठलाही लेख, पाटी किंवा व्हिडिओ समोर आला की मी चार प्रश्न विचारते. पाणी कुठून आलं, आणि ती जमीन कुणाची होती? ते आणायला कुणी खणलं, आणि गाळ कुणी काढला? आधी कुणी प्यायलं? आणि कुणाला काठावर येता येत नव्हतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे जवळजवळ नेहमी मिळतं. दुसऱ्याचं कधीकधी. तिसऱ्याचं क्वचित. चौथं फक्त दलित चळवळीच्या लेखनात. ही चारही उत्तरं एका पाटीवर बसतील, जास्त जागा लागत नाही. तोट्यांची संख्या लिहूनही बसतील.

रायस्वाइकला वाडाच राहिला नसल्यामुळे तो सांगणाऱ्याला दारांची गोष्ट सांगावीच लागते, दाखवायला दुसरं काही नाही. आपल्याकडे दाखवायला दगड भरपूर आहे, त्यामुळे गोष्ट सांगायचं राहून जातं. शनिवारवाडा ते फुले वाडा हे अंतर चालत साधारण अर्ध्या तासाचं आहे. पुण्यात हेरिटेज वॉक काढणाऱ्यांना माझी सूचना साधी आहे: कारंज्यापाशी सुरुवात करा, तोट्या मोजा, उच्छ्वास समजावून सांगा, वाटेत जेवढे हौदांचे चौक लागतील तेवढे दाखवा, आणि फेरी गंज पेठेतल्या त्या साध्या हौदापाशी संपवा. तिकीट एकच असू द्या.